सौर पंप, छतावरची वीज, गोबर गॅस: गावातून अनुदान मिळवायची रीत

विदर्भातल्या बहुतेक गावांत सौर योजनांची नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. अडतं ते त्यापुढे. अर्ज केला, पण विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नाही म्हणून परत आला. पॅनेल बसले, पण वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, म्हणून अनुदान लटकलं. कुठे सगळं सुरळीत झालं, पण पाणी दोनशे फुटांवर आणि पंप आला शंभर फुटांचा. यातली एकही अडचण पोर्टलवर सुटत नाही. ती अर्जाच्या आधी, तलाठी कार्यालयात आणि स्वतःच्या विहिरीच्या काठावर सोडवावी लागते. म्हणून इथे क्रमही तसाच धरला आहे: आधी कागद, मग माप, मग अर्ज.

पैशांचं एक गणित सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. सौर पंपात तुम्ही फक्त आपला हिस्सा भरता, उरलेली रक्कम सरकार पुरवठादाराला देतं. छतावरच्या सौर संचात आणि गोबर गॅसमध्ये उलट असतं. सगळा खर्च आधी तुमचा, अनुदान काम पूर्ण झाल्यावर तुमच्या खात्यात. कापसाचे पैसे यायच्या आधी छताचं काम काढलं आणि अनुदानाच्या भरवशावर मिस्त्रीला तारीख दिली, तर ओढाताण ठरलेली.

कागद

सौर पंपासाठी सातबारा हा मुख्य कागद. त्यावर तीन गोष्टी पाहा. नाव आधारवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं आहे का. विहीर, बोअर किंवा शेततळं जलसिंचनाच्या रकान्यात आलं आहे का. आणि सहहिस्सेदार किती.

विहीर वावरात वीस वर्षांपासून आहे, पण कागदावर नाही, ही गत फार ठिकाणी दिसते. तलाठ्याकडे (हुद्द्याचं आताचं नाव ग्राम महसूल अधिकारी) लेखी अर्ज द्या, सोबत विहिरीचा फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या. विहीर रोजगार हमीतून किंवा धडक सिंचन विहीर कार्यक्रमातून झाली असेल तर काम पूर्ण झाल्याचा दाखला पंचायत समितीत मिळतो. तो जोडला की नोंदीला कुणी फाटा फोडत नाही. नोंद झाल्यावर डिजिटल सहीचा नवा सातबारा काढा आणि अर्जाला तोच लावा. बरेच जण घरातला जुना उतारा अपलोड करतात आणि तिथेच अर्ज अडकतो.

जमीन अजून वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, तर आधी वारसाचा फेरफार. फेरफाराला हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, त्यानंतर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. म्हणजे सगळं नीट चाललं तरी महिनाभर धरा. सहहिस्सेदार असतील तर त्यांचं ना-हरकत पत्र मुद्रांकावर लागतं. पुण्या-नागपूरला गेलेल्या भावाची सही पोळ्याला किंवा दिवाळीला तो गावी आला की लगेच घेऊन ठेवा. ऐनवेळी हीच एक सही महिनाभर मिळत नाही.

अतिउपशाच्या क्षेत्रात, जसे वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातली गावं, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा ना-हरकत दाखला मागतात. आपलं गाव त्या यादीत येतं का, हे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात कळतं.

घरासाठी सातबारा नाही, वीजबिल मोजलं जातं. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव ही तिन्ही एकच हवीत. बिल मयत माणसाच्या नावावर असेल तर आधी महावितरणकडे नाव बदला. त्यासाठी मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि बाकी वारसांची संमती लागते. थकबाकी शून्य करा. बँकेत नुसतं 'आधार लिंक आहे का' असं विचारू नका, 'सरकारी अनुदान याच खात्यात येईल असं आधार जोडलं आहे का' असं विचारा. ही दोन कामं वेगळी आहेत आणि पैसे अडतात ते दुसरं राहिल्यानं.

सौर कृषी पंप: माप चुकलं तर अनुदान असून उपयोग नाही

'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही राज्याची २०२४ सालची योजना महावितरण राबवतं. केंद्राच्या २०१९ सालच्या पीएम-कुसुम या सौर पंप योजनेचं अनुदान तिच्यात मिळून येतं. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्यानं किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, त्यावर पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि पाच एकरांच्या वर ७.५ एचपी, असं बसतं. ही कमाल मर्यादा आहे, त्याहून लहान पंप मागता येतो. अट अशी की शेतात खात्रीचं पाणी हवं, पंपाची नेहमीची वीजजोडणी नको, आणि आधीच्या अटल किंवा मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेचा लाभ घेतलेला नको.

ज्यांच्याकडे ७.५ एचपीपर्यंतची जोडणी आहे त्यांना बळीराजा मोफत वीज योजनेत मार्च २०२९ पर्यंत बिल नाही, तेव्हा त्यांनी सौरसाठी धडपडू नये. ही योजना खरी कामाची आहे ती जोडणीच नसलेल्यांना. रात्रीची लाईन, रानडुकरं, आणि ताडोबा-टिपेश्वरच्या बाजूला वाघ, अशा मुलखात दिवसा पाणी देता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता माप. पंप किती एचपीचा यापेक्षा तो किती उंचीवर पाणी चढवणार, म्हणजे हेड किती, हे महत्त्वाचं. केंद्राच्या मानकांप्रमाणे ३ एचपीच्या संचाला ३,००० वॉटचे पॅनेल, ५ एचपीला ४,८०० आणि ७.५ एचपीला ६,७५० वॉटचे असतात. ३ एचपीचा संच कडक उन्हाच्या दिवशी ३० मीटर हेडवर साधारण एक लाख लिटर पाणी देतो. तोच ५० मीटरवर साठ हजारांच्या आसपास येतो, आणि १०० मीटरवर पंचवीस-तीस हजारांवर. पॅनेल तेच, ऊन तेच, पाणी मात्र चौथाई.

हेड असं काढा. मे महिन्यात, पंप चालू असताना पाणी जमिनीपासून किती खाली जातं ते मोजा. त्यात विहिरीपासून वावराच्या वरच्या टोकापर्यंतचा चढ मिळवा. लांब पाइपलाइनमध्ये होणाऱ्या घर्षणाचे दोन-तीन मीटर धरा. ठिबक असेल तर आणखी १० ते १५ मीटर, कारण ठिबकला एक ते दीड किलोचा दाब लागतो. उदाहरणार्थ, मे महिन्यात पाणी १५ मीटरवर, पाइपचे ३ आणि ठिबकचे १२, म्हणजे ३० मीटर. ठिबकचे १२ मोजायचे राहून जातात आणि मग शेवटच्या ओळीतल्या झाडाला पाणी पोचत नाही.

पाण्याची गरजही कागदावर काढा. दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर एकराला सुमारे २०,००० लिटर लागतं. तीन एकर हरभऱ्याला ६०,००० लिटर. हिवाळ्यात दिवस लहान, सकाळी धुकं, तेव्हा संचाच्या आकड्यातले साठ-सत्तर टक्केच हाती येतील असं समजा. ३० मीटरला ३ एचपी पुरतो, ५० मीटरला नाही. आणि विहिरीचा झराच मंद असेल तर मोठा पंप दुपारी बाराला विहीर कोरडी करून कंट्रोलर (पंप चालवणारा विजेचा डबा) बंद पाडेल. तिथे लहान पंप सहा-सात तास संथ चालणं कधीही बरं. ठिबकसाठी कृषी विभागाचं वेगळं अनुदान आहे, अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या अनुदान पोर्टलवर. पंपाआधी किंवा पंपासोबत ठिबक झालं तर एक पायरी लहान पंपात काम भागतं. पंप आधी घेतला आणि ठिबकचा विचार नंतर आला, तर हेड चुकलेलं असतं.

अर्ज महावितरणच्या पोर्टलवर करायचा. कागद तपासले की हिस्सा भरायची सूचना येते, ती रक्कम ऑनलाइनच भरा. त्यानंतर तुमच्या जिल्ह्यासाठी मंजूर पुरवठादारांच्या यादीतून एक निवडता येतो. ही निवड घाईनं करू नका. एकदा केली की बदलणं कठीण. आजूबाजूच्या चार गावांत कुणाचे पंप बसले आहेत ते जाऊन पाहा, बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी आला ते विचारा, आणि तालुक्याच्या ठिकाणी त्यांचं दुरुस्ती केंद्र आहे का ते बघा. पाच वर्षं दुरुस्तीची हमी पुरवठादारावर असते, पण माणूस नागपूरहून येणार असेल तर ऐन ओलिताच्या दिवसांत आठवडा जातो.

कुसुमच्या नावानं खोट्या वेबसाइट आणि फोन येत राहतात. 'फाईल पुढे सरकवतो, नोंदणी फी फोनपे करा' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पोर्टलवरच्या हिश्श्याशिवाय कुणालाही काहीही द्यायचं नसतं. खड्डा खणायचे, साहित्य उतरवायचे, गाडी वावरापर्यंत आणायचे म्हणून पैसे मागितले तर लेखी मागा.

महावितरण आणि पुरवठादार यांच्या संयुक्त पाहणीच्या दिवशी घरी थांबा. हेडचा आकडा त्या दिवशी लिहिला जातो. तुम्ही मोजलेला आकडा सांगा आणि फॉर्मवर तोच लिहिला आहे हे पाहूनच सही करा. जागा निवडताना दक्षिणेला बाभूळ, कडुनिंब किंवा धुऱ्यावरचं सागवान नको. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या ओळीची वीज घसरते. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंश कलते हवेत. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या गावांत, पंपाचा आतला भाग स्टेनलेस स्टीलचा आहे ना ते विचारून घ्या. बिडाचा भाग खारं पाणी खाऊन टाकतं.

बसवताना दोन ठिकाणी कसर केली जाते: पाया आणि अर्थिंग. भारी काळ्या जमिनीत खांबाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून खांब कलतो. आभाळातून पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळईचं अर्थिंग आणि कंट्रोलरचं अर्थिंग यांचे खड्डे वेगवेगळे हवेत. विदर्भात विजा भरपूर पडतात, आणि एकाच खड्ड्यात दोन्ही तारा सोडल्या तर वीज कंट्रोलरमध्येच शिरते.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी, स्वच्छ उन्हात, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान २०० लिटरचं पिंप भरून पाहा. ३ एचपी आणि ३० मीटरला ते मिनिटाच्या आत भरायला हवं. दीड-दोन मिनिटं लागत असतील तर सही थांबवा. एप्रिल-मेमध्ये थोडी सूट द्या. ४५ अंशांच्या दिवसात पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापतात, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्यांची ताकद ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. म्हणजे पंधरा टक्क्यांची घट ही बिघाड नव्हे.

पॅनेल सकाळी लवकर, साध्या मऊ पाण्यानं धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते, आणि खारट पाण्याचे पांढरे डाग काचेवर कायमचे बसतात. वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात आणि जिनिंगजवळ आठवड्याला धुवावे लागतात, इतर ठिकाणी पंधरवड्याला. चोरी किंवा गारपिटीचं नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा, चोरी असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवा आणि पुरवठादाराला लेखी कळवा. विमा पाच वर्षांचा असतो, पण उशिरा कळवलं तर दावा अडतो.

घराचं छत

'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, मुदत २०२६-२७ आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये. केंद्राकडून यावर एक पैसा जास्त नाही. राज्यानं २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जोड योजना आणली. ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे अशा घरांना १ किलोवॅटसाठी राज्याकडून आणखी मदत मिळते: दारिद्र्यरेषेखालच्या घराला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला १५,०००, इतरांना १०,००० रुपये. गावातल्या निम्म्याहून अधिक घरांना हीच योजना लागू पडावी, तरी विक्रेते तिचं नाव काढत नाहीत, कारण १ किलोवॅटच्या संचात त्यांना फार उरत नाही.

किती किलोवॅटचा संच घ्यायचा? १ किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. बारा महिन्यांच्या बिलांची सरासरी काढा आणि तिला १२० नं भागा. मे महिन्याचं बिल पाहून कधीही माप ठरवू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरमुळे वापर दुप्पट होतो आणि विक्रेता नेमकं तेच बिल दाखवून ३ किलोवॅट गळ्यात मारतो. नेट मीटरमध्ये (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याला जमा होतात, पण हिशेब ३१ मार्चला बंद होतो. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात ते विकत घेतलेल्या विजेच्या मानानं फारच कमी दरानं. म्हणजे हिवाळ्यात साठलेली वीज कूलर सुरू व्हायच्या तोंडावरच निघून जाते. मोठा संच घेऊन उन्हाळा फुकट होत नाही.

त्याआधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर महिन्याला पासष्ट युनिट वाचतात. १३० युनिटचं घर पासष्टवर येतं, दोन किलोवॅटच्या जागी एकात भागतं, आणि शंभर युनिटच्या आत आल्यानं 'स्मार्ट' योजनेची दारंही उघडतात. पंख्याला वेगळं अनुदान नाही, पण सगळ्या खरेदीत पैसे सर्वांत लवकर तिथे वसूल होतात.

एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. ५४० वॉटचे दोन पॅनेल, प्रत्येकी सत्तावीस-अठ्ठावीस किलो. घरकुलाच्या स्लॅबवर ते बसतात. कवेलूच्या किंवा जुन्या लाकडी आढ्याच्या छतावर बसवू नयेत, वादळात छतासकट जातील. तिथे अंगणात किंवा गोठ्यावर लोखंडी सांगाडा उभारा, पाया सिमेंटचा. मात्र जागा त्याच घराच्या हक्काची हवी, नमुना आठमध्ये दिसणारी.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. लाईन गेली की हा संचही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तास-दोन तास लाईन जाणाऱ्या गावात दिवे-पंखे चालू ठेवायचे असतील तर बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा लागेल, आणि त्यावर अनुदान नाही.

पायऱ्या अशा. सूर्यघर पोर्टलवर मोबाईल आणि १२ अंकी ग्राहक क्रमांकानं नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक मंजुरी लागत नाही. नोंदणीकृत विक्रेत्यांकडून निदान तीन दर मागवा आणि पोर्टलवरचा नमुना करार करा. विक्रेत्याला सगळे पैसे आगाऊ देऊ नका. काही बुकिंगला, मोठा भाग साहित्य घरी आल्यावर आणि चांगला दहा-पंधरा टक्के भाग नेट मीटर लागल्यावर. पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावेत ही अनुदानाची अट आहे. साहित्य उतरलं की प्रत्येक पॅनेलचा क्रमांक फोटोत घ्या आणि बिलातल्या क्रमांकांशी जुळवा. स्वस्तात देतो म्हणणारे अनेकदा यातच फसवतात, आणि अनुदान नाकारल्याचं कळतं तेव्हा विक्रेता फोन उचलत नाही. संच बसल्यावर महावितरणची तपासणी, नेट मीटर, मग पोर्टलवर बँक तपशील. तो अचूक असेल तर अनुदान साधारण महिनाभरात जमा होतं.

हातात रोख नसेल तर ३ किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आतलं विनातारण कर्ज सरकारी बँका देतात. व्याज साध्या वैयक्तिक कर्जाहून बरंच कमी. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून. सोनं गहाण ठेवायच्या आधी हा रस्ता पाहा.

वानरांचा त्रास असलेल्या गावात सगळ्या तारा पाइपातून न्यायला लावा. लोंबकळणारी तार वानर ओढतंच.

गोबर गॅस

घरी चार-पाच ढोरं असतील आणि ती रात्री गोठ्यात बांधली जात असतील तरच याचा विचार करा. एक घनमीटर गॅसला रोज २५ किलो शेण लागतं. दोन घनमीटरच्या संयंत्राला, ज्यावर सहा-सात माणसांचा स्वयंपाक होतो, रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी. दिवसभर रानात चरणाऱ्या गावरान गाईचं निम्मं शेण रानातच पडतं, हे विसरून मोठं संयंत्र बांधलं की ते उपाशी राहतं.

केंद्राच्या जैवऊर्जा कार्यक्रमात आकारमानानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपयांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे. आपल्याकडे ते जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत मिळतं. उद्दिष्ट तालुक्याला वाटून येतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे नाव द्या. मंजुरी हातात यायच्या आधी खड्डा खणू नका. आधी बांधलेल्या संयंत्राला अनुदान मिळत नाही. बांधकामाच्या टप्प्यांचे लाभार्थ्यासकट फोटो लागतात.

काळ्या जमिनीत संयंत्राचा घुमट तडकतो तो गवंड्याच्या चुकीनं कमी, मातीच्या ताणानं जास्त. खड्डा मुरमापर्यंत न्या, आणि घुमटाभोवतीची भर त्याच काळ्या मातीची न करता मुरमाची करा, थराथरानं पाणी मारून धुमस करा. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पाणी वर असतं, तिथे काम उन्हाळ्यातच उरका आणि संयंत्र पावसाआधी भरून घ्या. रिकामा घुमट खालच्या पाण्याच्या दाबानं वर उचलला जातो. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १५ मीटर तरी लांब, चुलीपासून वीस मीटरच्या आत.

पहिल्या भरणीला दोन घनमीटरसाठी दोन टनांच्या आसपास शेण लागतं. ते आधीच साठवा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो तीन-चार वेळा सोडून द्या. नंतर गॅस कमी झाला तर पाहायचं ते असं: पाइपात पाणी साठलं का, शेणात काडीकचरा जाऊन वर साय धरली का, आणि गोठा धुतलेलं फिनाईलचं पाणी आत गेलं का. फिनाईलनं आतले जिवाणू मरतात आणि संयंत्र पुन्हा लागायला आठवडे जातात. थंडीत गॅस कमी येतो, तो दोष नव्हे.

ग्रामपंचायतीचं काम

गावाजवळ विजेचं उपकेंद्र असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (शेतीला दिवसा वीज देणारे सौर प्रकल्प) पाहा. तिच्या पहिल्या आवृत्तीचे पथदर्शी प्रकल्प २०१७ मध्ये राळेगणसिद्धीसोबत यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला मंजूर झाले होते. आताच्या योजनेत खाजगी पडीक जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात. जमीन उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत हवी. करार दीर्घ मुदतीचा असतो, म्हणून वहितीची जमीन देऊ नका, बरडी द्या. आणि गायरानाचा ठराव करताना ढोरं कुठे चरणार हे ग्रामसभेत आधी ठरवा. या एका मुद्द्यावर चांगले प्रकल्प अडलेले आहेत.

पथदिव्यांचं साधं गणित मांडून पाहा. साठ खांबांवरचे जुने सोडियम दिवे काढून एलईडी लावले, दिव्यामागे ६० वॉट वाचले आणि ते अकरा तास जळत असतील, तर महिन्याला सुमारे बाराशे युनिट वाचतात. दिवे दिवसाही जळत असतील तर आधी टायमर लावा. हा खर्च गाव विकास आराखड्यात घालावा लागतो. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, नंतर मागणी केली तर वर्ष जातं. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोलीच्या खाणबाधित गावांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि ऊर्जा व जलसंधारण ही त्यातली मान्य कामं आहेत. ग्रामसभेचा ठराव, महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या विभागीय कार्यालयातून (नागपूर किंवा अमरावती) अंदाजपत्रक आणि तीन वर्षांची वीजबिलं, एवढं घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जा. पाणीपुरवठ्याच्या पंपाला सौर करायचा प्रस्ताव वीजबिलांसह गेला की त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

लहान उद्योगाला

दालमिल, भात गिरणी किंवा संत्रा प्रक्रियेचं युनिट काढताना सौर आणि कमी वीज खाणाऱ्या मोटारी मूळ प्रकल्प अहवालातच लिहा. नंतर जोडायचं म्हटलं की अनुदान त्यावर बसत नाही. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के, उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत, पण युनिट नवीनच हवं. गोदाम, शीतगृह, वर्गवारी केंद्र यांना कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं ३ टक्के व्याज सवलत. एका खर्चावर दोन भांडवली अनुदानं मागू नका. पायाभूत निधीची व्याज सवलत मात्र भांडवली अनुदानासोबत घेता येते.

अर्ज अडला तर

महावितरणच्या १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. नुसता फोन मोजला जात नाही. महिनाभरात हललं नाही तर उपविभागीय कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'माझं अनुदान का आलं नाही' असं विचारलं तर गोलमोल उत्तर येतं. विचारा ते असं: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणकोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, सध्या तो कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे आहे, कोणता कागद कमी आहे, आणि माझ्यानंतर अर्ज केलेल्या किती जणांना मंजुरी मिळाली, त्या मंजुऱ्यांच्या यादीची प्रत.